जुन्या मालमोटारीचा डिझेलखर्च व इंजिनाची निगा

आपल्या संघाच्या सभासदांपैकीं ज्यांच्या दारांत स्वतःची अथवा भाऊबंदांच्या भागीदारीची मालमोटार उभी आहे, त्यांतील बहुतेकांनीं ती जुनीच विकत घेतलेली असते. कांदा वाशीस पोंचवावा, ऊस कारखान्यावर टाकावा, येतांना पेंड किंवा खत आणावें, एवढ्या कामासाठीं नव्या गाडीचे हप्ते भरणें शेतकऱ्यास परवडत नाहीं. आणि जुनी गाडी नीट राखली तर तें काम ती बिनतक्रार करते. परंतु वर्ष-दोन वर्षें गेलीं कीं मालकाच्या तोंडीं एकच वाक्य येऊं लागतें, तें असें कीं गाडी डिझेल फार खाते. मग कोणी म्हणतो इंजिन खोला, कोणी म्हणतो ड्रायव्हर बदला. या दोन सल्ल्यांपैकीं दुसरा आम्हीं एकदां घाईनें मानला व त्याची टोंचणी अजून मनास आहे. ती हकीकत पुढें ओघानें येईल.

आम्ही यंत्रशास्त्र शिकलेलों नाहीं. आमचें सारें आयुष्य तहसील कचेरींत कीर्द-खतावणी करण्यांत गेलें. तथापि घरच्या गाडीमागें बारा वर्षें राहून, मिस्त्री लोकांस प्रश्न विचारून व पुस्तकें चाळून जें समजलें तें येथें लिहितों. ज्या गाड्यांचा डिझेलपंप सर्वस्वीं यांत्रिक आहे, त्यांनाच हा मजकूर लागू समजावा. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांस भारत-सहा हे धुराचे नियम लागले आहेत. त्यांतील डिझेलचें माप विजेवर चालणारी पेटी ठरविते, व त्या पेटीस घरच्या पान्यानें हात लावूं नये हेंच बरें.

जुन्या इंजिनांचें कूळ मोठें आहे. टेल्को कारखान्यानें १९५४ सालीं जर्मनींतील डाइम्लर-बेंझ कंपनीशीं करार करून जमशेदपुरास मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. पुढें कित्येक दशकें आपल्या रस्त्यांवर धावलेलीं टाटाचीं सहा सिलिंडरांचीं इंजिनें त्याच वळणाचीं होत. त्यांपैकीं ६९७ या नांवानें मिस्त्री लोक ज्यास ओळखतात, त्याचे सहा सिलिंडर मिळून ५६७५ घन सेंटिमीटर भरतात. असलीं इंजिनें साधीं असतात व साधेपणा हाच त्यांचा गुण होय. कारण जें बिघडतें तें डोळ्यांस दिसतें, कानास ऐकूं येतें व पान्यानें खोलतां येतें.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. आंत केवळ हवा ओढली जाते. ती मूळ जागेच्या सुमारें सतराव्या हिश्शांत दाबली गेली म्हणजे इतकी तापते कीं तींत उडविलेला डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. तो फवारा नोझलच्या ज्या छिद्रांतून उडतो तीं छिद्रें मिलिमीटराच्या पावापासून तृतीयांशाएवढीं बारीक असतात, व त्यासाठीं दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २०० किलोचा दाब लागतो. हा दाब उत्पन्न करणारा पंपांतील दट्ट्या त्याच्या नळींत इतका नेमका बसविलेला असतो कीं दोहोंमधील फट मिलिमीटराच्या हजाराव्या हिश्शाच्या दोन-तीनपटच असते. डोक्याचा केस याहून वीसपट तरी जाड असतो. एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे डिझेलांतील धुळीच्या कणानें किंवा पाण्याच्या थेंबानें हजारों रुपयांचें नुकसान कां होतें, हें निराळें सांगावें लागत नाहीं.

आतां जमाखर्च पाहूं. एक लिटर डिझेलांत जी उष्णता असते ती वीजबिलाच्या भाषेंत सांगावयाची तर सुमारें १० युनिटें भरते. चांगल्या स्थितींतील जुनें इंजिन त्यांतून साडेतीन, फार तर चार युनिटांचें काम काढतें. बाकीची उष्णता सायलेन्सरमधून व रेडिएटरमधून हवेंत जाते. ती इंजिन नवें असलें तरी जातेच. आपल्या हातीं इतकेंच कीं त्या साडेतिनांचीं अडीच होऊं न देणें, आणि चाकाकडे जें काम गेलें तें घासणाऱ्या ब्रेकांत, दबलेल्या टायरांत व वाऱ्याशीं झुंजण्यांत फुकट जाऊं न देणें.

परंतु यांपैकीं कोठें गळती आहे हें कळण्यापूर्वीं गळती आहे कीं नाहीं हें कळलें पाहिजे, आणि येथेंच आम्ही फसलों. आमच्या वहींत वर्षानुवर्षें डिझेलची नोंद रुपयांत होत असे. अमुक तारखेस डिझेल इतक्या रुपयांचें, एवढीच. जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासणाऱ्या कारकुनाच्या घरीं असें व्हावें ही लाजेचीच गोष्ट. आमच्या गांवाहून वाशी सुमारें २३० किलोमीटर. जाऊन येऊन ४६०. एके वर्षीं कांद्याच्या हंगामांत खर्च फारच वाढलासा वाटला म्हणून पंपाच्या पावत्या काढून लिटर मोजले. पूर्वीं एका खेपेस १०० लिटर लागत, ते १२० झाले होते. लिटरामागें ४.६ किलोमीटरचें ॲव्हरेज ३.८ वर आलें होतें. दर खेपेस वीस लिटर म्हणजे एक भरलेला डबा. आमच्या धाकट्या बंधूंनीं लागलाच तर्क बांधला कीं वाटेंत कोठें तरी डबा उतरतो.

गाडीवर नऊ वर्षें जे ड्रायव्हर होते त्यांस आम्ही सर्व नाना म्हणत असूं. त्यांस बोलावून पावत्या पुढें ठेविल्या. ते इतकेंच म्हणाले, "भाऊसाहेब, टाकी तुमची, वही तुमची. मी काय सांगूं?" दुसऱ्या दिवशीं त्यांनीं किल्ली ओसरीवर ठेविली व ते गेले. नवा ड्रायव्हर आला. आम्हीं टाकीस कुलूप घातलें, आमच्या डोळ्यांदेखत तोंडापर्यंत भरून घेतली व परत आल्यावर पुन्हां भरली. १२१ लिटर बसलें.

तेव्हां कोठें आम्ही गाडीखालीं वांकून पाहूं लागलों. एका तरुण मिस्त्रीनें वीस किलोमीटर गाडी चालवून आणिली व खालीं उतरून प्रत्येक चाकाच्या ड्रमाजवळ हात नेऊन पाहिला. मागच्या डाव्या चाकापाशीं हात ठेववेना. आंतील ब्रेक-शूची स्प्रिंग तुटली होती, व ब्रेक सुटल्यावरही शू ड्रमास घासतच राहत असे. मग त्यानें हवेची गाळणी उघडली. तींतील ऑईलचा चिखल झाला होता. शेवटीं त्यानें पंपाकडे बोट दाखवून विचारलें, "याचें सील कोणीं तोडलें?" तें आमच्याच सांगण्यावरून तुटलें होतें. आदल्या हिंवाळ्यांत गाडी कसाऱ्याच्या घाटांत ओढत नाहीं म्हणून आम्हींच एका मिस्त्रीकडून डिझेलचें माप वाढवून घेतलें होतें, आणि ती गोष्ट साफ विसरलों होतों. गाडी ओढत नव्हती ती हवेविना व ब्रेकामुळें. आम्हीं उपाय केला तो जास्त डिझेल पाजण्याचा. तिन्ही कामें उरकल्यावर पहिल्याच खेपेस १०२ लिटर लागले. आम्ही नानांच्या घरीं राहिलेला पगार घेऊन गेलों व झाली गोष्ट बोललों. त्यांनीं बसावयास घातलें, चहा दिला. गाडीवर मात्र ते पुन्हां आले नाहींत.

यास्तव मोजणीची रीत सविस्तर लिहितों. टाकी सपाट जागीं, शक्य तर एकाच पंपावर, तोंडापर्यंत भरावी. फेंस बसूं द्यावा व पुन्हां भरावी. खेप करून आल्यावर त्याच रीतीनें भरावी व जे लिटर बसले तेच खर्च समजावे. पुष्कळ जुन्या गाड्यांचा किलोमीटर-मीटर बंद असतो किंवा खोटें सांगतो; हमरस्त्यावरील वीस किलोमीटर दगडांशीं ताडून तो एकदां तपासावा. वहींत तारीख, किलोमीटर, लिटर, जातांचा माल, येतांचा माल, ड्रायव्हर, आणि गाडीवर त्या महिन्यांत काय काम झालें, इतके रकाने असावे. शेवटला रकाना बहुतेक लोक ठेवीत नाहींत. तो आमच्या वहींत असता तर पंपाचें सील आम्ही विसरलों नसतों.

मालाचे रकाने कां, तेंही सांगतों. आमचा मुलूख वाशीहून ५५० मीटरांच्या आसपास उंच आहे. सोळा टनांची भरलेली गाडी तितकी उंच चढविण्यासच २४ युनिटांचें काम लागतें, म्हणजे वरील साडेतिनांच्या हिशेबानें सुमारें ७ लिटर डिझेल. तीच गाडी रिकामी, सहा टनांची असली तर अडीच लिटरांत काम होतें. तेव्हां कांदा उतरवून रिकामी परतलेली खेप व खत भरून परतलेली खेप यांची तुलना करून ड्रायव्हरास जाब विचारणें अन्यायाचें होय. सारख्या मालाच्या चार-पांच खेपा मोजून मगच मत बनवावें.

मोजणीनंतर धूर पाहावा. भरलेली गाडी चढावर असतां काळा धूर निघत राहिला तर डिझेल जळण्यास हवा पुरत नाहीं, किंवा डिझेल जास्त जात आहे, किंवा नोझल फवारा न उडवितां धार सोडीत आहे. निळसर धूर म्हणजे आंत ऑईल जळत आहे. पहांटे थंड इंजिनाचा पांढरा धूर थोड्या वेळांत गेला तर चिंता नाहीं. तापल्यावरही राहिला तर नोझल, पंपाचें टायमिंग किंवा हेड-गॅस्केटांतून पाणी, यांचा संशय घ्यावा. काळा धूर निघाला म्हणजे गाडीस जोर आहे असें मानणारे मालक आम्हीं पाहिले आहेत. तो न जळलेल्या डिझेलचा कोळसा होय.

हवेकडे आपलें लक्ष सर्वांत कमी असतें, आणि खर्च वाढण्याचें कारण पुष्कळदां तेथेंच सांपडतें. एक लिटर डिझेल पुरतें जळण्यास निदान दहा हजार लिटर हवा लागते; इंजिन प्रत्यक्षांत त्याहूनही पुष्कळ अधिक ओढतें. आपल्या गाड्या उसाच्या फडांत, कच्च्या गाडीवाटेंत व बाजाराच्या धुळींत उभ्या असतात. ज्या गाडीस ऑईलची गाळणी आहे, तिचें ऑईल धुळीच्या दिवसांत आठवड्यास पाहावें, घट्ट होतांच फेंकावें, जाळी धुवावी व खुणेपर्यंतच नवें ऑईल घालावें. खुणेच्या वर घातलें तर इंजिन तें ओढून घेतें. कागदी गाळणी असल्यास ती दगडावर आपटूं नये. हलक्या दाबाची हवा आंतून बाहेर मारावी व ठरल्या मुदतींत बदलावी. गाळणीपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी फाटकी असेल तर मात्र गाळणी असून नसल्यासारखी. तेथून गेलेली धूळ लायनर व रिंगा घासून काढते, आणि तें नुकसान कोणत्याही सेटिंगनें भरून निघत नाहीं.

डिझेलच्या दोन्ही गाळण्या वेळच्या वेळीं बदलाव्या, व गाळणीच्या तळाचा स्क्रू सैल करून सांचलेलें पाणी काढावें. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली म्हणजे आंतील हवेचा दमटपणा थंडीनें पाणी होऊन डिझेलांत उतरतो. म्हणून विशेषतः पावसाळ्यांत टाकी संध्याकाळीं भरून ठेवावी. स्वस्त मिळतें म्हणून रॉकेल मिसळलेलें किंवा वाटेवरच्या डब्यांतलें डिझेल घेऊं नये. पंपाच्या दट्ट्यास डिझेलखेरीज दुसरें वंगण नसतें, व रॉकेल पातळ असल्यामुळें तें वंगणाचें काम करीत नाहीं. २०२० पासून देशांत मिळणाऱ्या डिझेलांतील गंधकाचें प्रमाण दहा लाखांत दहा भागांपर्यंत खालीं आणिलें आहे. यानें ऑईल लवकर आंबट होत नाहीं हा लाभ. परंतु गंधक काढतांना डिझेलचा मूळचा ओशटपणाही जातो, तो शुद्धीकरण कारखाने निराळें द्रव्य घालून भरून काढतात. त्यांत भेसळ करणें म्हणजे तें द्रव्य विरल करणें होय.

नळ्यांच्या जोडांवरील ओल हात लावून पाहावी. सेकंदास एक थेंब गळला तर दिवसभराच्या चालींत लिटरभर डिझेल जातें, आणि ज्या जोडांतून इंजिन चालतांना डिझेल बाहेर येतें त्याच जोडांतून कधीं हवा आंत शिरते. मग गाडी हवा धरते व सकाळीं सेल्फ मारून बॅटरी उतरते. नोझल मात्र घरीं खोलून घासूं नयेत. ते पंप-नोझलच्या दुकानीं यंत्रावर लावून फवारा व दाब पाहून घ्यावे. पंपाचें माप तेथेंच कारखान्याच्या आंकड्यावर बसवावें, पुन्हां सील करावें, व मालकानें तें सील स्वतः पाहावें.

पाण्याविषयीं एक गैरसमज सर्वत्र आढळतो. इंजिन तापतें म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतो, व मालकास वाटतें कीं गाडी थंड राहिली म्हणजे बरी. वस्तुतः या इंजिनांस ७५ ते ९० अंशांची ऊब पाहिजे. थंड इंजिनांत डिझेल अर्धवट जळतें, लायनरवरील ऑईल धुवून काढतें व ॲव्हरेज उतरतें. तापण्याचें खरें कारण बहुधा रेडिएटरच्या बुजलेल्या नळ्या, ढिला पट्टा किंवा आंत बसलेला क्षार हें असतें. आपल्या बोअरचें पाणी क्षाराचें. किटली आंतून जशी पांढरी होते तशींच इंजिनाचीं पाण्याचीं वाटांही होतात. मऊ पाण्यांत योग्य कूलंट मिसळून घालावें. ज्या इंजिनाचा लायनर बाहेरून पाण्यास लागून असतो, त्यास तर कूलंटाची फारच गरज. कारण लायनरच्या थरथरीनें पाण्यांत बारीक बुडबुडे होऊन फुटतात व बाहेरून त्यास खड्डे पाडतात. टॅपेट ठरल्या मुदतीस पुस्तकांतील मापानें बसवावे. याविषयीं जास्त लिहिण्यासारखें नाहीं.

आतां चालविण्याचें. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. ताशीं ६० किलोमीटरांवर जो विरोध तो ८० वर पावणेदोनपटीहून अधिक. इंजिनाच्या जास्तींत जास्त फेऱ्यांच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशांपर्यंत गाडी ठेवावी; इंजिन धडधडूं लागेपर्यंत वरच्या गिअरांत रेटणें व किंचाळेपर्यंत खालच्या गिअरांत ताणणें, दोन्ही खर्चाचीं. कारखान्याच्या रांगेंत तासन्तास इंजिन चालूं ठेवल्यास तासाला लिटरभर डिझेल उभ्याउभ्या जातें. टायरांची हवा थंड असतांना मोजावी. जोडचाकांतील आंतला टायर बहुधा कोणी मोजीत नाहीं.

उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडल्यानें डिझेल वाचतें अशी समजूत फार जुनी आहे. ती घातक तर आहेच, पण हिशेबानेंही खोटी आहे. गिअरांत असलेल्या गाडीच्या ॲक्सिलरेटरवरून पाय काढला व चाकें इंजिनास फिरवूं लागलीं, म्हणजे पंपाचा गव्हर्नर डिझेल पुरतें बंद करितो. त्या वेळीं खर्च शून्य असतो. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन स्वतःच्या फिरण्यासाठीं डिझेल घेत राहतें, गाडीस इंजिनाचा अडथळा राहत नाहीं, सारा भार ब्रेकांवर येतो, आणि तापलेले ब्रेक घाटांत दगा देतात. कांदा भरून कसारा उतरणाऱ्या ड्रायव्हरास ही गोष्ट मालकानें स्वतः समजावून सांगावी. "डिझेल वाचव" इतकेंच सांगून पाठवूं नये.

हें सर्व करून चार-पांच खेपा मोजल्यावरही आंकडा सुधारला नाहीं, तर इंजिन खोलण्याचा विचार करावा. त्याचीं लक्षणें धुराहून निराळीं पाहावीं. इंजिन चालूं असतां ब्रीदरमधून धुराचा झोत येणें, ऑईल दर खेपेस वाढत्या मापानें भरावें लागणें, थंडीच्या सकाळीं बॅटरी चांगली असून गाडी सुरू न होणें, ही लक्षणें एकत्र दिसलीं म्हणजे रिंगा व लायनर गेले असें समजावें. खोलण्यापूर्वीं प्रत्येक सिलिंडराचें कॉम्प्रेशन मोजून घ्यावें. एकाच सिलिंडरांत दोष असतां सहाही बदलण्याचा खर्च कोणी सांगत असेल तर तो तेथेंच कळून येतो. काम चालूं असतां मालकानें किंवा त्याच्या विश्वासाच्या माणसानें समोर असावें, व काढलेले सुटे भाग घरीं आणावे.

इंजिन बांधून झाल्यावर पहिले दोन हजार किलोमीटर भरगच्च माल लादूं नये, फार वेगानें दौडवूं नये, तसेंच उभ्या जागीं रिकामें फार वेळ चालूंही ठेवूं नये, कारण बेताच्या ओझ्याखालींच नव्या रिंगा लायनरशीं नीट बसतात. पहिल्या हजार किलोमीटरांच्या आंत ऑईल व त्याची गाळणी बदलावी, हेडचे बोल्ट पुस्तकाप्रमाणें पुन्हां आवळावे, आणि वहीचें नवें पान उघडावें. जुने आंकडे त्या इंजिनास यापुढें लागू नाहींत.